लाइटकॉइन म्हणजे नेमकं काय? बिटकॉइनची ‘चांदी’ घेण्याआधी हे समजून घ्या



खोपटच्या एसटी स्टँडजवळ मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात काम करणारा माझा एक जुना विद्यार्थी मागच्या महिन्यात भेटायला आला. अम्मीची बीसी, म्हणजे आपली भिशी, लागली होती. ८० हजार रुपये हातात आले होते. धाकट्या बहिणीचं लग्न दोन वर्षांवर आहे. तो म्हणाला, "सर, बिटकॉइन तर आपल्या हाताबाहेर गेलं. पण लाइटकॉइन स्वस्त आहे. सोनं नाही तर चांदी तरी घेऊन ठेवू का? दोन वर्षांत लग्नाचा खर्च निघून जाईल."

मी गणित शिकवतो, शेअर बाजार नाही. पण त्याच्या त्या एका वाक्यात तीन-चार गैरसमज एकत्र होते, आणि तेच गैरसमज राबोडी, मुंब्रा, कौसा, भिवंडी, कल्याण, कुठेही तरुण मुलांशी बोललं की ऐकू येतात. म्हणून त्याला जे समजावलं तेच इथे सविस्तर लिहितोय. कोणाला घ्या किंवा घेऊ नका असं सांगायला नाही. आपल्या घरातला पैसा कुठे जातोय, हे घरातल्या प्रत्येकाला कळलं पाहिजे, अम्मीला सुद्धा, एवढाच हेतू आहे.

आधी वही समजून घ्या

लाइटकॉइन किंवा बिटकॉइन हे हातात धरायचं नाणं नाही. ती एक वही आहे. कोणाच्या नावावर किती, कोणी कोणाला किती दिले, याची नोंदवही.

आपली बीसी आठवा. वीस बायका दर महिन्याला पैसे जमा करतात. वही एका आपाकडे असते. आपा प्रामाणिक असतात म्हणून बीसी चालते. पण वही हरवली, किंवा आपांच्याच मनात खोट आली, तर बाकीच्या एकोणीस जणींकडे पुरावा काय? बँकेचंही तसंच आहे. वही बँकेकडे, विश्वास आपला.

आता अशी बीसी डोळ्यांसमोर आणा की वहीची एक-एक प्रत विसांच्या वीस घरांत आहे. कोणीही पैसे दिले की ती नोंद सगळ्यांच्या वहीत एकाच वेळी चढते. एकीने आपल्या घरातल्या वहीत खाडाखोड केली तरी उपयोग नाही, बाकीच्या एकोणीस वह्या तिला खोटं पाडतील. आता कुठल्याही एका आपावर विश्वास ठेवायची गरज उरली नाही.

याच वहीला ब्लॉकचेन म्हणतात. ब्लॉक म्हणजे वहीचं एक पान आणि चेन म्हणजे पानांची साखळी. ही कल्पना बिटकॉइनने जानेवारी २००९ मध्ये प्रत्यक्षात आणली. बिटकॉइन बनवणाऱ्याने सातोशी नाकामोतो हे नाव वापरलं.

पानं एकमेकांना बांधलेली कशी असतात? कॉम्प्युटर प्रत्येक पानावरच्या मजकुरापासून ठरावीक लांबीचा एक सांकेतिक आकडा काढतो. त्याला हॅश म्हणतात. याला त्या पानाचा अंगठ्याचा ठसा समजा. पानावर एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो. प्रत्येक नव्या पानाच्या डोक्यावर आधीच्या पानाचा ठसा लिहिलेला असतो. त्यामुळे जुन्या पानात कोणी फेरफार केला तर पुढच्या सगळ्या पानांचे ठसे जुळेनासे होतात आणि चोरी उघडी पडते.

पान लिहायचा हक्क कोणाला?

वही सगळ्यांकडे आहे, हे ठीक. पण नवीन पान लिहिणार कोण? सगळेच एकदम लिहायला लागले तर गोंधळ होईल. इथे मायनिंग येतं.

जगभरातले कॉम्प्युटर एक कोडं सोडवायच्या शर्यतीत उतरतात. पानाच्या शेवटी असा एक आकडा लिहायचा की संपूर्ण पानाचा ठसा ठरवलेल्या मर्यादेपेक्षा लहान निघाला पाहिजे. हा आकडा शोधायची कुठलीही हुशार युक्ती नाही. एक आकडा घ्या, ठसा काढा, जमला नाही तर दुसरा घ्या. असे अब्जावधी प्रयत्न. ज्याला आधी जमेल त्याचं पान वहीला जोडलं जातं, आणि बक्षीस म्हणून त्याला काही नवी नाणी मिळतात. नवी नाणी फक्त याच वाटेने जन्माला येतात. कुठला सरकारी छापखाना नाही, कुठला मालक नाही.

आकडा शोधणं महाकठीण असलं तरी तो बरोबर आहे की नाही हे तपासणं अगदी सोपं आहे. गणिताच्या तासाला मी मुलांना सांगतो, मोठ्या संख्येचे अवयव काढायला वेळ लागतो, पण दिलेले अवयव गुणून बघायला एक मिनिट पुरतं. तसंच हे. म्हणून फसवणूक करायची तर प्रचंड वीज आणि यंत्रं लागतात, आणि फसवणूक पकडायला साधा कॉम्प्युटर चालतो.

लाइटकॉइन कुठून आलं?

बिटकॉइनचा प्रोग्राम पहिल्यापासून सगळ्यांसाठी खुला होता. कोणीही वाचावा, कोणीही नक्कल करून त्यात बदल करावा. अशा बदललेल्या नाण्यांना ऑल्टकॉइन म्हणतात, म्हणजे बिटकॉइनला पर्यायी नाणी. २०११ सालीच अशी काही नाणी निघाली. बरीचशी लवकरच विस्मरणात गेली. टिकलेल्या सुरुवातीच्या नाण्यांपैकी एक म्हणजे लाइटकॉइन.

चार्ली ली हा तेव्हा गुगलमध्ये काम करणारा इंजिनिअर. त्याने बिटकॉइनचा प्रोग्राम घेतला, त्यात मोजकेच बदल केले आणि ऑक्टोबर २०११ मध्ये लाइटकॉइन सुरू केलं. त्या काळात नवीन नाणं काढणारे लोक आधीच स्वतःसाठी लाखो नाणी बनवून ठेवायचे आणि मग लोकांना बोलवायचे. लीने तसं केलं नाही. प्रोग्राम आधी जाहीर केला, सुरू व्हायची वेळ सांगितली आणि सगळ्यांना जवळपास एकाच वेळी मायनिंगला उभं केलं. लाइटकॉइनची पत टिकली त्यामागे हे एक कारण आहे.

आता तो काय वेगळा आहे ते बघू. मुख्य फरक तीन.

पहिला फरक: वेळ

बिटकॉइनच्या वहीत सरासरी दर दहा मिनिटांनी नवीन पान जोडलं जातं. लाइटकॉइनमध्ये दर अडीच मिनिटांनी. म्हणजे पाठवलेल्या पैशाची पहिली नोंद चौपट लवकर पक्की होते.

यंत्रं वाढली की कोडं लवकर सुटेल आणि पानं भराभर येतील, असं वाटेल. तसं होऊ नये म्हणून दर २,०१६ पानांनंतर कोडं आपोआप कठीण किंवा सोपं होतं. बिटकॉइनमध्ये हे साधारण दोन आठवड्यांनी होतं, लाइटकॉइनमध्ये साडेतीन दिवसांनी.

पण लवकर म्हणजे तेवढंच पक्कं, असं समजू नका. एका पानामागे जितकी मेहनत खर्च होते तितकं ते पान मजबूत असतं. अडीच मिनिटांच्या पानामागे मेहनत कमी असते. म्हणून मोठी रक्कम घेणारा माणूस लाइटकॉइनमध्येही एका पानावर थांबत नाही, त्यावर आणखी काही पानं चढू देतो.

दुसरा फरक: नाण्यांची संख्या

बिटकॉइन कधीच २ कोटी १० लाखांपेक्षा जास्त होणार नाहीत. लाइटकॉइन कधीच ८ कोटी ४० लाखांपेक्षा जास्त होणार नाहीत. हा आकडा कुठून आला, ते वही-पेन घेऊन मुलांना करायला द्या, नववी-दहावीच्या मुलांना जमेल.

सुरुवातीला प्रत्येक पानामागे ५० लाइटकॉइन मिळायचे. दर ८ लाख ४० हजार पानांनंतर हे बक्षीस निम्मं होतं. अडीच मिनिटांना एक पान, या हिशेबाने एवढ्या पानांना साधारण चार वर्षं लागतात.

पहिल्या टप्प्यात ५० गुणिले ८ लाख ४० हजार, म्हणजे ४ कोटी २० लाख नाणी. दुसऱ्या टप्प्यात निम्मी, २ कोटी १० लाख. तिसऱ्यात १ कोटी ५ लाख. मग त्याच्या निम्मी, मग त्याच्याही निम्मी. अशी बेरीज करत गेलात तर ती ८ कोटी ४० लाखांच्या जवळ जात राहते, पण ओलांडत नाही. हे बक्षीस ऑगस्ट २०१५ मध्ये २५ झालं, ऑगस्ट २०१९ मध्ये साडेबारा आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सव्वासहा.

बिटकॉइनशी तुलना केली तर दिसतं की लीने फक्त चारने गुणलंय. पानं चौपट वेगाने, नाणी चौपट.

तिसरा फरक: कोड्याचा प्रकार

बिटकॉइनच्या कोड्यात फक्त वेग लागतो. कांदे चिरण्यासारखं काम आहे. जितके हात लावाल तितकं लवकर होईल, आणि एका छोट्या जागेतही दहा जण बसून चिरू शकतात. म्हणून लोकांनी याच एका कामासाठी खास यंत्रं बनवली आणि घरातला साधा कॉम्प्युटर शर्यतीतून बाहेर पडला.

लीने वेगळं कोडं निवडलं. त्याचं नाव स्क्रिप्ट. कॉलिन पर्सिवल या संगणकतज्ज्ञाने ते २००९ साली तयार केलं होतं. या कोड्याला वेगाबरोबर कॉम्प्युटरची मेमरीही भरपूर लागते. म्हणजे दावतीचं जेवण समजा. हात कितीही असले तरी प्रत्येकाला पातेली, परात, मसाले पसरायला मोठा ओटा पाहिजे. ओटा महाग, म्हणून श्रीमंताला हजार ओटे मांडणं सोपं नाही, आणि घरातल्या माणसालाही संधी राहते. अशी कल्पना होती.

ती काही वर्षंच टिकली. २०१४ च्या सुमाराला स्क्रिप्टसाठीही खास यंत्रं बाजारात आली. आज मोबाइलवर किंवा घरातल्या लॅपटॉपवर लाइटकॉइनचं मायनिंग करून कमाई होत नाही, विजेचं बिल तेवढं वाढेल. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

याच घराण्यातलं दुसरं प्रसिद्ध नाणं म्हणजे डिसेंबर २०१३ मध्ये गंमत म्हणून निघालेलं डोजकॉइन. त्याचंही कोडं स्क्रिप्टच आहे. २०१४ पासून एकाच यंत्रावर, एकाच मेहनतीत दोन्हींचं मायनिंग करता येतं.

आणखी एक गोष्ट. बिटकॉइनमध्ये यायच्या काही सुधारणा लाइटकॉइनने आधी करून पाहिल्या. सेगविट नावाची सुधारणा लाइटकॉइनमध्ये मे २०१७ ला आली, बिटकॉइनमध्ये त्याच वर्षी ऑगस्टला. मे २०२२ मध्ये लाइटकॉइनने व्यवहाराची रक्कम झाकून ठेवायची ऐच्छिक सोय आणली. त्यावर दक्षिण कोरियातल्या मोठ्या एक्स्चेंजनी हरकत घेऊन लाइटकॉइनचा व्यवहारच बंद केला.

‘चांदी’ आणि ‘स्वस्त’, दोन्ही शब्द जपून वापरा

बिटकॉइन सोनं आणि लाइटकॉइन चांदी, ही उपमा सुरुवातीपासून चालत आली आहे. आपल्याला ती पटकन भावते, कारण जकातीच्या निसाबात आपण साडेसात तोळे सोनं आणि साडेबावन्न तोळे चांदी लहानपणापासून ऐकत आलोय. पण चांदी वितळवली तरी चांदीच राहते. तिची पैंजण होते, भांडी होतात, कारखान्यात तिला मागणी असते. लाइटकॉइनला मोल आहे ते लोक त्याला मोल देतात तोवर. उपमा ही उपमाच असते.

आता ‘स्वस्त’. विद्यार्थ्याला मी विचारलं, "एक मोठी नान चौघांत तोडली, तर एक तुकडा पूर्ण नानपेक्षा कमी पैशांचा होईल. म्हणून तो स्वस्त झाला का?" एका नाण्याची किंमत कमी दिसते यामागे नाणी किती आहेत हेही असतं आणि लोकांना त्याची किती गरज वाटते हेही. शिवाय पूर्ण बिटकॉइन घ्यावंच लागतं असंही नाही. एका बिटकॉइनचे दहा कोटी भाग होतात आणि लाइटकॉइनचेही तेवढेच. म्हणजे "बिटकॉइन परवडत नाही म्हणून लाइटकॉइन" हे कारणच चुकीचं आहे.

किंमत किती हलते, तेही बघा. डिसेंबर २०१७ मध्ये एक लाइटकॉइन साधारण ३६० डॉलरला गेलं होतं. बरोबर एका वर्षाने ते २५ डॉलरच्या आसपास होतं. म्हणजे त्या शिखरावर ज्याने एक लाख रुपये टाकले त्याच्याकडे सात हजार उरले. मे २०२१ मध्ये तेच नाणं ४०० डॉलरच्या वर गेलं आणि पुन्हा घसरलं. खुद्द चार्ली लीने डिसेंबर २०१७ मध्ये जाहीर केलं की त्याने आपल्याकडची लाइटकॉइन विकली आणि दान केली. आपण काही बोललो की किंमत हलते आणि लोक स्वार्थाचा आरोप करतात, असं त्याचं कारण होतं. पण लक्षात घ्या, तेव्हा किंमत शिखरावर होती.

सप्टेंबर २०२१ मध्ये तर एक खोटं प्रसिद्धिपत्रक फिरलं की अमेरिकेची वॉलमार्ट कंपनी लाइटकॉइन स्वीकारणार. थोड्याच वेळात किंमत उसळली. वॉलमार्टने ते पत्रक खोटं असल्याचं सांगितलं आणि किंमत परत खाली. ज्यांनी त्या मधल्या वेळात घाईने घेतलं, त्यांचं नुकसान झालं. बहिणीच्या लग्नाची तारीख दोन वर्षांनी ठरलेली असते. बाजार ती तारीख विचारत नाही.

खरं नाणं आणि नकली नाणं

एवढं बोलणं झाल्यावर त्याने मोबाइल काढून दाखवला. प्रकरण नुसत्या लाइटकॉइनचं नव्हतंच. एका मित्राने दिलेलं ॲप होतं. त्यात ‘लाइटकॉइन मायनिंग प्लॅन’, दरमहा ८ टक्के पक्का परतावा, आणि अजून तीन जण जोडले तर वर कमिशन.

मी त्याला कॅल्क्युलेटर दिला. ८० हजार रुपये, दरमहा ८ टक्के, नफा त्यातच ठेवत जायचा. एका वर्षात दोन लाख होतात. दहा वर्षांत किती? उत्तर आलं साधारण ८२ कोटी. तो गप्प झाला. जो माणूस ८० हजारांचे ८२ कोटी करू शकतो, त्याला तुझ्या अम्मीच्या बीसीची काय गरज?

हे आपल्या राज्यात आधी घडून गेलंय. ‘गेनबिटकॉइन’ नावाच्या योजनेत अमित भारद्वाज आणि त्याच्या साथीदारांनी दरमहा १० टक्के, १८ महिने, असं आश्वासन दिलं होतं. तेही मायनिंगच्या नावावर. बिटकॉइन घेतले गेले, पण पुढे परतावा म्हणून लोकांच्या हातात एमकॅप नावाचं त्यांचंच दुसरं टोकन आलं, ज्याला बाजारात फारशी किंमत नव्हती. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाजला अटक केली. २०२२ मध्ये तो वारला. पुढे तपास सीबीआयकडे गेला. आपल्या ठाण्यातही २०१८ साली पोलिसांनी ‘मनी ट्रेड कॉइन’ नावाच्या नाण्याच्या प्रकरणात गुन्हा दाखल करून अटका केल्या होत्या.

आणि ‘हलाल’ शब्द लावला म्हणून माल खरा होत नाही, हे २०१९ मध्ये बंगळूरच्या आयएमए प्रकरणाने शिकवलं. तिथे हजारो मुस्लिम कुटुंबांची बचत अडकली. आपल्याच मशिदीतल्या, आपल्याच मोहल्ल्यातल्या माणसाने सांगितलं म्हणून लोकांनी पैसे दिले होते.

आता लाइटकॉइनची आणि अशा योजनांची तुलना करा. लाइटकॉइनचा प्रोग्राम कोणीही वाचू शकतो, वही कोणीही तपासू शकतो, नाणी किती निघणार हे आधीच ठरलेलं आहे. आणि मुख्य म्हणजे लाइटकॉइन कोणालाही परताव्याचं वचन देत नाही. नकली नाण्याची वही एका कंपनीच्या कॉम्प्युटरवर असते, किंमत तीच कंपनी ठरवते, आणि वचन मात्र मोठं असतं.

म्हणून एक खूण लक्षात ठेवा. लाइटकॉइन नुसतं ठेवून त्यातून आपोआप काही उगवत नाही. काही नाण्यांमध्ये ‘स्टेकिंग’ असतं, लाइटकॉइनच्या पद्धतीत ते नाहीच. तेव्हा लाइटकॉइनवर दरमहा ठरावीक रक्कम देतो असं कोणी म्हणालं, तर एकतर तो तुमची नाणी व्याजाने पुढे देतोय, किंवा नंतर आलेल्याचे पैसे आधीच्याला देतोय. पहिल्यात रिबा आहे, दुसऱ्यात सरळ फसवणूक.

चावी कोणाकडे?

वहीत तुमची नाणी तुमच्या नावावर नाही, एका पत्त्यावर असतात, आणि तो पत्ता उघडायची एक गुप्त चावी असते. बहुतेक वेळा ती बारा किंवा चोवीस शब्दांच्या रूपात लिहून ठेवतात. चावी हरवली तर ‘पासवर्ड विसरलात?’ असं बटण नाही. चुकीच्या पत्त्यावर पाठवलं तर परत मागायला शाखा नाही, मॅनेजर नाही. घरातला कर्ता अचानक गेला आणि चावी कोणालाच ठाऊक नसली, तर वारसांना त्यातलं काहीच मिळत नाही. आपल्याकडे वारशाचे हिस्से ठरलेले आहेत, कर्ज आणि अमानत लिहून ठेवायची ताकीद आहे. जो असं काही बाळगतो त्याने हे विसरू नये.

बहुतेक लोक चावी स्वतः ठेवत नाहीत, एक्स्चेंजकडे ठेवतात. म्हणजे वही सगळ्यांची, पण चावी पुन्हा एका आपाकडेच. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतातल्या मोठ्या एक्स्चेंजमधून साधारण २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली. ग्राहकांना कित्येक महिने आपली नाणी काढता आली नाहीत. ब्लॉकचेन फुटली नव्हती, तिजोरी फुटली होती. ग्राहकाला दोन्हींचं दुःख सारखंच.

कायदा काय म्हणतो?

भारतात ही नाणी बाळगणं गुन्हा नाही, पण ती कायदेशीर चलनही नाहीत. दुकानदाराने ती घेतलीच पाहिजेत असं नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना अशा व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं होतं. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं.

१ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, वर सेस वेगळा. तुमचं बाकी उत्पन्न करपात्र नसलं तरी हा कर लागतो. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेवरच्या विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस कापला जातो. मित्राच्या ॲपवर यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं.

शरीअतच्या नजरेतून

मी मुफ्ती नाही, फतवा देणं माझं काम नाही. पण उलेमांची मतं काय आहेत, एवढं सांगू शकतो.

जानेवारी २०१८ मध्ये इजिप्तचे मुफ्ती शौकी अल्लाम यांनी बिटकॉइनचा व्यवहार नाजायज ठरवला. नोव्हेंबर २०२१ मध्ये इंडोनेशियाच्या उलेमा कौन्सिलने चलन म्हणून क्रिप्टो हराम म्हटलं. देवबंदच्या दारुल इफ्ताचा कलही नाजायजकडेच आहे. कारणं साधारण अशी: यात गरर आहे, म्हणजे नेमकं काय हातात येतंय याची अनिश्चितता. किंमत इतकी हलते की व्यवहार जुगाराच्या जवळ जातो. मागे कुठलं सरकार नाही.

दुसऱ्या बाजूला, मुफ्ती मुहम्मद अबू बकर यांनी २०१८ साली इंडोनेशियातल्या एका वित्तसंस्थेसाठी केलेल्या अभ्यासात असं मांडलं की जिथे लोक त्याला चलन म्हणून स्वीकारतात आणि कायद्याची मनाई नाही, तिथे बिटकॉइन तत्त्वतः जायज असू शकतं.

हे मतभेद लाइटकॉइनलाही लागू होतात, कारण त्याचा पाया तोच आहे. पण काही गोष्टींवर फार मतभेद नाहीत. उधार घेऊन, दहापट-वीसपट पैज लावून केलेलं ट्रेडिंग, पक्क्या व्याजाचा प्लॅन, माणसं जोडून मिळणारं कमिशन, यांना हलाल म्हणणारा जबाबदार आलिम सापडणं कठीण. ज्याने घेतलंच असेल, त्याने जकातीचा सवालही आपल्या मुफ्तींनाच विचारावा. विचारताना फक्त नाव सांगू नका, ते चालतं कसं तेही सांगा. बरोबर जवाब मिळायला सवालही पूर्ण पाहिजे.

घरात बसून विचारायचे पाच प्रश्न

एक, याची वही कोणाकडे आहे, सगळ्यांकडे की एका कंपनीकडे?
दोन, चावी कोणाकडे राहणार?
तीन, पक्क्या परताव्याचं वचन आहे का? असेल तर तिथेच थांबा.
चार, माणसं जोडायला सांगतात का? सांगत असतील तर तिथेही थांबा.
पाच, हे पैसे उद्या शून्य झाले तर घरातलं कुठलं काम अडेल?

पाचव्या प्रश्नावर माझा विद्यार्थी बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बहिणीचं लग्न." मी म्हटलं, मग हे पैसे तुझे नाहीतच, ती तिची अमानत आहे. त्याने माझ्यासमोर ते ॲप काढून टाकलं. दोन दिवसांनी अम्मीला घेऊन बँकेत गेला आणि पैसे तिच्या खात्यात भरले. मित्राने मात्र चाळीस हजार आधीच दिले होते. आता तो पैसे काढायला गेला की ॲप आणखी ‘फी’ मागतंय.

असं कोणाचं झालं असेल तर लाजेने गप्प बसू नका आणि ती ‘फी’ अजिबात भरू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा, पोलीस ठाण्यात तक्रार द्या. जितक्या लवकर सांगाल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

लाइटकॉइन हे हुशारीने बनवलेलं यंत्र आहे. मुलांनी त्याचं गणित जरूर शिकावं, त्यातून संगणकशास्त्राची वाटही उघडेल, इन्शाअल्लाह. पण यंत्र समजलं म्हणून त्यात अम्मीची बीसी टाकायलाच पाहिजे असं नाही.

अल्लाह आपल्या सगळ्यांच्या हलाल कमाईत बरकत देवो आणि फसवणुकीपासून आपली हिफाजत करो. आमीन.